उजव्या गालावरचा तीळ

लिमोज, १२ फेब्रुवारी १५७१

समोर मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण या वहीत नवऱ्याला नावानेच लिहिणार आहे. वही माझी आहे आणि जुनियाँला वाचायचा कंटाळा आहे, तेव्हा भीती नाही.

आज व्होब्रूनच्या सरदारांचे काम आले. आले म्हणजे खरोखर आले: स्वार, कारभाऱ्याचे पत्र, मेणकापडात गुंडाळलेले चित्र, सगळे. धर्माची भांडणे सुरू झाल्यापासून चर्चवाल्यांनी मिन्याच्या, म्हणजे तांब्यावर रंगीत काच भाजून केलेल्या, पाट्या मागवणे सोडलेच आहे. गेल्या हिवाळ्यात दोन कारागिरांना आम्ही निरोप दिला. आता भट्टीपाशी म्हातारा गिलेम, रंगाला जुनियाँ आणि उरलेल्या सगळ्याला मी. हे काम साधले नाही तर भट्टी विझवायची आणि जुनियाँने पलीकडच्या गल्लीत बोर्दासच्या हाताखाली मिठाच्या वाट्या रंगवत बसायचे. तो बसेल, पण मग तो जुनियाँ राहणार नाही.

सरदारांच्या वाड्यात म्हणे एक खोली आहे. तिच्या लाकडी भिंतींत कोनाडे कोरून मिन्याचे चेहरे बसवले आहेत, राजे, आजे, पणजे. एकच कोनाडा रिकामा आहे. तो त्यांच्या पत्नीचा, इझाबो बाईसाहेबांचा. त्या गेल्या शरदात वारल्या. पाटी पसंत पडली तर पुढच्या भिंतीचे सगळे काम आमचे, म्हणजे तीन वर्षांची निश्चिंती. सासूबाई म्हणाल्या, “आधी पाटी शाबूत निघू दे, मग तीन वर्षं मोज.”

चित्र पॅरिसच्या कुणा चित्रकाराने काळ्या-तांबड्या खडूने काढलेले आहे. रंग कुठला कुठे ते कडेला बारीक अक्षरात लिहिले आहे. चेहरा बघणाऱ्याच्या डावीकडे जरा वळलेला. फार सुंदर नाही, पण काहीतरी बोलता बोलता थांबल्यासारखा. डाव्या गालावर, ओठाच्या कडेला, एक तीळ. चित्रकाराने खडूचे टोक नुसते टेकवून उचलले आहे.

१५ फेब्रुवारी

पत्र नीट वाचले तर घोळ निघाला. बाईसाहेबांचा चेहरा उजवीकडे वळलेला हवा, कारण उजव्या हाताच्या कोनाड्यात सरदार स्वतः आहेत आणि पत्नीने पतीकडे पाठ फिरवणे शोभत नाही. जुनियाँ डोके धरून बसला. “जिवंत असत्या तर म्हटलं असतं, जरा इकडे वळा बाईसाहेब. आता कुणाला वळवू?”

मी म्हटले, “अहो, कागद वळवा.”

रीत जुनीच आहे. तेलात भिजवलेला कागद चित्रावर ठेवायचा, रेषारेषांवर सुईने भोके पाडायची, कागद पांढऱ्या पाटीवर धरून वरून काजळाची पुरचुंडी आपटायची. रेषा ठिपक्या-ठिपक्यांनी खाली उमटतात. कागद उलटा धरला की डावे ते उजवे. आमच्याकडचे निम्मे प्रेषित असेच उलटलेले आहेत. परवाच्या सेंट पीटरच्या किल्ल्या डाव्या हातात गेल्या होत्या. स्वर्गाचे दार उघडले नाही अशी तक्रार अजून कुणाची आली नाही.

जुनियाँ हसला. “बायको नाही, खाण आहे अकलेची.” सासूबाईंसमोर म्हणाला, म्हणून जास्त बरे वाटले.

दुपारभर भोके पाडली. पापण्यांना सगळ्यात बारीक सुई घेतली. तिळाला एकच भोक.

२ मार्च

उपासाचे दिवस सुरू झाले. सलगम आणि चेस्टनटची पेज. तीन भट्ट्या पार पडल्या: मागचा थर, पुढचा काळा, त्यावर चेहऱ्यापुरता पांढरा. भट्टी लावायची त्या वेळी गिलेम भरदिवसा खिडक्यांची दारे लोटतो, अंधारात आगीचा रंग ओळखू येतो म्हणून. मी तेवढा वेळ बाहेर पायरीवर बसते आणि नखे खाते.

कारभाऱ्याचे दुसरे पत्र आले. पाटीची लांबी-रुंदी जवाच्या दाण्याइतकीही चुकू नये. निळा रंग शेजारच्या कोनाड्यातल्या काउंटच्या निळ्याशी जुळावा. नमुन्याला एक फुटका तुकडा पाठवला आहे. गळ्यातल्या मोत्यांची संख्या सम असावी, कारण सरदारांच्या साखळीचे दुवे सम आहेत. पाटीची मागची बाजू ढगाळ नको, स्वच्छ हवी, सरदार मागूनही पाहतात.

वाचून मला भरून आले. बायकोच्या मोत्यांची संख्याही ज्याच्या ध्यानात आहे त्याने तिच्यावर किती जीव लावला असेल! जुनियाँला माझ्या गळ्यात काय आहे ते विचारले तर मान म्हणेल.

१९ मार्च

पाचवी भट्टी. आज चेहरा आला.

गिलेमने चिमट्याने पाटी बाहेर काढली तेव्हा ती नुसता लाल निखारा होती. मग निवता निवता त्यातून आधी कपाळ उमटले, मग गाल, मग डोळे. मी एवढी वर्षे पाहते आहे, तरी दर वेळी नवल वाटते. निवताना तांबे आणि काच आपापल्या वेगाने आखडतात, तिथेच तडकायचे भय. गिलेम पाटीकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता. प्रार्थना असेल किंवा शिव्या असतील, त्याच्या बाबतीत सांगता येत नाही.

तडकली नाही. जुनियाँने हाताचा घाम पुसला आणि म्हणाला, “आल्या बाई.”

तो चेहरा माझ्याकडे पाहत होता. गालावर तीळ, अगदी जिथे हवा तिथे. मला वाटते मी या बाईला ओळखते. सकाळी कामाला बसताना मनातल्या मनात तिला नमस्कारही करते. वेडेपणा आहे.

४ एप्रिल

आठवी आणि शेवटची भट्टी. निळा उतरला आहे तो असा की, नमुन्याचा तुकडाच त्याच्यापुढे फिका दिसतो. कॉलरखाली टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र पडले, बुडबुडा फुटून. तेवढे चालते. देव पावला.

सासूबाईंनी पाटी पाहिली, डोळे बारीक केले आणि “बरी आहे” म्हणाल्या. लग्नानंतर इतके कौतुक मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

११ एप्रिल

दार लावून लिहिते आहे.

कारभाऱ्याचे तिसरे पत्र आले. सरदार स्वतः पाटी न्यायला मेच्या पहिल्या आठवड्यात येणार, सोबत चौकटीचा लाकडी साचा आणणार. आणि शेवटी, कारभाऱ्याने नाक मुरडत लिहिल्यासारखे: “बाईसाहेबांची जुनी दासी मोंदाइन हिने माझे डोके खाल्ले, म्हणून लिहितो. बाईसाहेबांच्या डाव्या गालावर एक तीळ होता, तो विसरू नये, असे तिचे म्हणणे आहे.”

मी मोठ्याने हसले. विसरतो कुठे? पाटी उचलून खिडकीशी नेली, मोंदाइनला मनात म्हटले, बघ बाई, हा काय. आणि नकळत स्वतःच्या गालाला बोट लावले.

बोट उजव्या गालाला लागले.

परत लावले. पाटीसमोर उभी राहिले, पाटीसारखी मान वळवली. उजवाच. कागद उलटला तसा तीळही उलटला. उजवीकडे वळलेल्या बाईचा डावा गाल पलीकडे जातो. तो तीळ दिसायलाच नको होता! प्रेषितांना तीळ नसतात, म्हणून इतकी वर्षे कुणाला कळले नाही.

मोत्यांची संख्या मोजणाऱ्या माणसाच्या बायकोच्या तोंडावर आम्ही भलत्या जागी तीळ लावला. आम्ही कसले, मी. भोक मी पाडले, आणि कागद वळवा असेही मीच सांगितले.

१३ एप्रिल

कुणाला सांगितले नाही. चर्चमध्ये गुडघे टेकून ख्रिस्ताच्या दुःखाचा विचार करायचा तर मी तिळाचा विचार करत होते. शेजारची मार्सियाल माझ्याकडे बघून हसली आणि मला वाटले, हिला कळले! चोराच्या मनात चांदणे. तिने बाईसाहेबांचे नावसुद्धा ऐकलेले नाही.

जुनियाँ खुशीत आहे. गाणे गुणगुणत पुढच्या भिंतीसाठी तांब्याचे पत्रे कुणाकडून घ्यायचे याचे बेत करतो. त्याचे गाणे सुरू झाले की मी घागर घेऊन बाहेर पडते.

१६ एप्रिल

सांगितले. उपास सुटल्यावर, कोकराचे मटण पोटभर खाऊन तो बाकावर रेलला होता. भरल्या पोटी माणूस कमी रागावतो असे आई म्हणायची.

तो रागावला नाही. रागावला असता तर सोपे गेले असते. त्याने पाटी हातात घेतली, मूळ चित्र शेजारी ठेवले, मग आरशासमोर जाऊन स्वतःचाच गाल चाचपला.

“घासून काढू,” म्हणाला. “दगडाने तीळ घासतो, वर चेहऱ्याचा रंग भरतो, आणखी एक भट्टी दिली की झालं.”

गिलेमला बोलावले. त्याने पाटी उलटीसुलटी केली आणि खाली ठेवली. “मालक, आठ झाल्या. हा निळा नववी सोसायचा नाही. आधीच एक फोड आलाय, आणखी येतील. नाही तर चेहरा असा मधोमध तडकेल. मी नाही टाकणार आत.”

“मी सांगतो ना टाक म्हणून!”

“तुम्हीच टाका. मी तोवर बोर्दासकडे बसतो.”

वीस वर्षांत गिलेमने प्रथमच नाही म्हटले. नवी पाटी करायची तर पत्रा ठोकण्यापासून दीड महिना, आणि हातात पंधरा दिवस. जुनियाँ किती तरी वेळ तीळ नखाने खरवडत बसला, जणू सुकलेली पेज आहे आणि निघेल.

१७ एप्रिल

सासूबाईंना कळलेच. या घरात भिंतींना नव्हे, सासूबाईंना कान आहेत. मला वाटले आता माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. त्या म्हणाल्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंडाला कुलूप लावा. पुरुष माणूस आहे तो, त्याला काय दिसतंय!”

“अहो, पण हा माणूस मागची बाजूसुद्धा बघतो,” मी म्हटले.

“मग मागे तीळ नाही ना? झालं तर.”

तेच ठरले, गप्प बसायचे. जुनियाँने माझ्याकडून सेंट व्हालेरीची शपथ घेतली की मी चकार शब्द काढणार नाही.

२५ एप्रिल

झोप नाही, भूक नाही. जुनियाँ एकटाच बोलत असतो, सबबींची तालीम करतो. “सरकार, चित्रकाराने आरशातून काढलं असेल.” “सरकार, उजेडाच्या खेळाने तसं भासतं.” काल त्याची ती तालीम ऐकून मला हसू आले आणि मग रडू.

खोटी सबब सांगणारा माणूस नव्हे तो. माझ्यापायी त्याला ती पाठ करावी लागते आहे.

आणि मला भिववणारे सरदार नाहीतच. ती मोंदाइन. तिला दिसणार. सरदारांना तरी कसे नाही दिसणार? नवरा-बायको वीस वर्षे एका घरात राहिले. देवा, त्या दिवशी आभाळ भरलेले असू दे, खोलीत अंधार असू दे, त्यांना सर्दी होऊन डोळ्यांना पाणी येऊ दे. काहीही कर, पण तो तीळ त्यांना दिसू देऊ नकोस.

४ मे

काल ते आले. ऊन असे लख्ख की खडीवरचा कण न् कण मोजावा.

सरदार उंच, वाकलेले, बोलायला गोड. आमच्या दारातून वाकून आत येताना सासूबाईंनाही त्यांनी टोपी काढून मान लववली. सोबत कारभारी आणि काळ्या कपड्यांतली, ठेंगणी, साठीची मोंदाइन. ती दाराशीच थांबली.

जुनियाँने कापड काढले. सरदारांनी पाटी उचलली आणि आधी उलटी केली. मागचा थर उजेडात धरला. “स्वच्छ! तांबं कसं झळकतंय बघा,” कारभाऱ्याला म्हणाले. मग कडेवरून अंगठा फिरवला, चारी बाजू. साच्यात बसवून पाहिली, बरोबर बसली. खिशातून निळा तुकडा काढून शेजारी धरला. मोती मोजले. मग त्यांचे नख कॉलरखाली थांबले.

“हे छिद्र?”

मीच म्हटले, “बुडबुडा फुटला सरकार, शेवटच्या भट्टीत.”

“असू दे. माझ्या आजोबांच्या पाटीतही आहे. उलट खरेपणाची खूण.” टाचणीच्या टोकाएवढे छिद्र क्षणात हेरणारी ती नजर होती. आता वर जाईल, आता गालावर येईल.

आली. त्यांनी पाटी हातभर लांब धरली, डोळे किलकिले केले, मान एका बाजूला कलवली. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “नजर माझ्या बाजूला आहे. खोली पुरी झाली.” आणि खरेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “माझी इझाबो.”

जुनियाँने माझा हात घट्ट धरला. सुटलो होतो आम्ही! कारभारी पुढच्या भिंतीचे बोलू लागला, बारा पाट्या, एकेका पाटीवर वर्षातल्या एकेका महिन्याचे चित्र, पहिली सप्टेंबरअखेर, सेंट मिशेलच्या सणापर्यंत. सासूबाई मद्याचे पेले आणायला वळल्या.

मी मोंदाइनकडे पाहिले. पाहायला नको होते. ती दाराशीच उभी राहून सरदारांच्या हातातली पाटी बघत होती. तिने दोन बोटे स्वतःच्या डाव्या गालाला लावली होती. ती बोलणार नव्हती. तिला कोण विचारतो? पत्रात एक ओळ यावी म्हणून तिने कारभाऱ्याची किती आर्जवे केली असतील. आणि आता ती त्या खोलीची धूळ पुसताना रोज हे तोंड बघणार, दुसऱ्याच कुणाचे.

मला काय झाले कळत नाही. शपथ होती, नवरा शेजारी होता, तीन वर्षांचे काम समोर होते.

“सरकार,” मी म्हटले, “तीळ चुकीच्या गालावर आहे.”

जुनियाँने हात सोडला. मी मात्र थांबले नाही. कागद मी उलटला, बाईसाहेबांचा तीळ डाव्या गालावर होता, या पाटीत तो दिसायलाच नको, दोष माझा आहे, मालकांचा नाही, मुदत दिली तर नवी पाटी करू, असे सगळे एका दमात बोलून टाकले.

सरदार माझ्याकडे बघत राहिले. चिडलेले नव्हते, नुसते गोंधळलेले.

“कसला तीळ?”

मी बोट दाखवले. ते पाटी घेऊन खिडकीशी गेले, डोळ्यांजवळ धरली.

“हा ठिपका होय!” त्यांचा चेहरा उजळला. “मला वाटलं, भट्टीतली राख पडली असेल. मघाशीच दिसला होता. पण एवढं सुंदर काम झालंय, म्हटलं एका डागासाठी कशाला बोलायचं? राहू दे बाई, राहू दे.”

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटले. भला माणूस आहे, खरेच भला माणूस आहे. मग पाटी स्वतःच्या हाताने मखमलीत गुंडाळली आणि तान्हे मूल न्यावे तशी बाहेर नेली.

मूळ चित्र टेबलावरच राहिले होते. कारभाऱ्याला विचारले तर म्हणाला, “ठेवून घ्या, सरकारांना आता त्याचं काय काम?” आमच्याकडे आलेला नमुना बाहेर जात नाही. सासऱ्यांपासूनचा नेम आहे, नमुने हीच कारखान्याची दौलत. मी तो गुंडाळला आणि दाराशी मोंदाइनच्या हातात दिला. तिने उलगडून पाहिला. डाव्या गालावर बोट ठेवले.

“तुम्ही बाईंना कधी पाहिलं होतं?” तिने विचारले.

“नाही.”

ती कागद पोलक्यात, छातीशी सरकवून गाडीत जाऊन बसली.

जुनियाँ संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पाठ करून भट्टीची राख काढत बसला. मग म्हणाला, “जीव जाणार होता माझा,” आणि हसायलाच लागला. आज सकाळी तो तांबटाकडे गेला. सासूबाई शेजारणींना सांगत फिरतात की सरदारांच्या डोळ्यांत पाणी आले. गिलेम खिडक्या पुसतो आहे. घरात सण असल्यासारखे वातावरण आहे.

मला जेवण गेले नाही. तीन आठवडे मी देवाकडे एकच मागत होते, त्यांना तीळ दिसू नये. आता वाटते, तो तीळ बघून त्यांनी ती पाटी माझ्या अंगावर फेकली असती, काम काढून घेतले असते, भट्टी विझली असती, तरी चालले असते.